फायरिंग रेंजच्या कडेचं गाव: लाल बावटा उतरल्यावर पुढं काय?

माळरान
आमच्या गावाच्या वरच्या अंगाला लष्कराची चांदमारी आहे. रेंजचं नाव मुद्दाम लिहीत नाही. महाराष्ट्रात आहे, एवढं पुरे.

टेकडीवर लाल बावटा चढला की वर जायचं नाही, हे आमच्याकडं पोराला चालायला लागल्यापासून कळतं. बावटा उतरला की गुरं पुन्हा माळावर. दोन पिढ्या असंच चाललंय. आवाजाचंही काही वाटत नाही आता. पाहुणे दचकतात, आम्ही चहा पीत राहतो.

मग धागा कशाला काढला? तर मागच्या महिन्यात माझ्या चुलतभावाच्या नऊ वर्षांच्या पोरानं माळावरून एक वस्तू घरी आणली. मनगटाएवढी जाड, बुडाला पंख. दप्तरात घालून आणली आणि दाराला अटकाव म्हणून लावून ठेवली. वहिनी दोन दिवस ती पायानं सरकवून झाडत होती. तिसऱ्या दिवशी शेजारच्या माजी सैनिकानं बघितली आणि सगळं घर बाहेर काढलं. पोलीस आले, लष्कराची माणसं आली, लांब नेऊन उडवली. आवाज मोठा झाला, म्हणजे वस्तू जिवंत होती.

पोराला विचारलं, तुला भीती नाही वाटली? तर म्हणतो, "शाळेची घंटा तर तसलीच आहे की." खरंय. आमच्या शाळेत घंटा म्हणून तोफगोळ्याचं रिकामं पितळी नळकांडं टांगलंय, माझ्या वडलांच्या वेळेपासून. पोरं रोज त्यावर टोले हाणतात. त्यांच्या लेखी गोळा म्हणजे वाजवायची वस्तू.

रेंज हटवा असं आमचं म्हणणं नाही, गावातली अकरा पोरं फौजेत आहेत. मला एवढंच विचारायचंय: फायर झाल्यावर माळ साफ करणं, आधी नीट सांगणं, बुडालेल्या मजुरीची भरपाई देणं, याचे काही नियम आहेत का? दुसरीकडं काय करतात?

सरळमार्गी
जवानांनी सराव करायचा कुठे? बोफोर्स तोफेचा पल्ला २४ किलोमीटरच्या वर जातो, ती काय सोसायटीच्या पार्किंगमध्ये उडवायची? सीमेवर ते रक्त सांडतात आणि इथे आपल्याला गुरं चारायला जागा कमी पडते. शिवाय रेंज आधी की गाव आधी, तेही सांगा.

माळरान
गाव आधी. आमच्या देवळाच्या पायरीवर शके कोरलेला आहे, बघायला या. आणि मी लिहिलेलं पुन्हा वाचा. सराव बंद करा असं कुठं म्हटलंय?

सुभेदारकाका
मी तोफखान्यातून निवृत्त. २६ वर्षं. सरळमार्गी साहेब, रक्ताची गोष्ट आमच्यावर सोडा, इथे प्रश्न कचऱ्याचा आहे.

माळरान, पोरानं आणलं ते वर्णनावरून उखळी तोफेचं दिसतंय, मॉर्टरचं. न फुटलेल्या गोळ्याला आम्ही 'ब्लाइंड' म्हणतो. प्रत्येक फायरिंगमध्ये काही ब्लाइंड राहतातच. फ्यूज नीट बसत नाही, गोळा चिखलात मऊ पडतो, कधी माल जुना असतो. ओपीवर, म्हणजे लांबच्या निरीक्षण चौकीवर, बसलेला माणूस पडलेले आणि फुटलेले गोळे मोजत असतो आणि ब्लाइंडची नोंद होते. फायर संपल्यावर शोध घ्यायचा आणि सापडला की जागेवरच, हात न लावता, बाजूला स्फोटक लावून उडवायचा. नियम हाच आहे आणि तो पक्का आहे.

आता खरं सांगतो. पावसाळ्याच्या अखेरीस गवत कमरेएवढं असतं. गोळा काळ्या मातीत हातभर खाली गेलेला असतो. युनिटला रेंज मिळालेली असते ठरावीक दिवसांची, परतीच्या गाड्या लागलेल्या असतात. मागून दुसरं युनिट येऊन उभं असतं. शोध होतो, पण जेवढा व्हायला हवा तेवढा होत नाही. नंतर एखाद्या पावसात माती वाहून जाते आणि चार वर्षांपूर्वीचा गोळा वर येतो. तो कोणत्या युनिटचा, हे तेव्हा कोण सांगणार?

ती शाळेची घंटा काढा. चेष्टेनं म्हणत नाही.

वर्धेकर
काका, भंगाराचं पण सांगा ना. आमच्या जिल्ह्यात पुलगावचा दारूगोळा डेपो आहे. ३१ मे २०१६ च्या पहाटे तिथे आग लागली ती सगळ्यांना आठवते, कारण अधिकारी आणि अग्निशमनचे जवान गेले, टीव्हीवर आलं. पण २० नोव्हेंबर २०१८ कोणाला आठवते? सोनेगाव आबाजीजवळ जुना दारूगोळा निकामी करायच्या मैदानावर स्फोट झाला. सहा जण गेले. त्यातले बरेच आसपासच्या गावचे रोजंदारीवरचे मजूर होते. पेट्या उतरवायच्या, खड्डे खणायचे, असली कामं.

त्या मैदानांच्या कडेला धातू वेचणं हा लोकांचा धंदाच असतो भाऊ. सोयाबीन गेलं की माणूस दुसरं काय करणार? पितळ, तांबं, शिसं, सगळ्याला भाव आहे. गावात पेटी-काटा घेऊन येणारा भंगारवाला विचारत नाही कुठून आणलं. तुम्ही शंभर पाट्या लावा, 'धोका' लिहा, कवटी काढा. पाटीचा पत्रापण विकला जातो.

रसायनी
मी मातीच्या रसायनशास्त्रात काम करते, म्हणून थोडं लांबण लावते.

न फुटलेला गोळा दिसतो, म्हणून त्याची बातमी होते. न दिसणारी गोष्ट म्हणजे अर्धवट फुटलेला गोळा. पूर्ण फुटला तर आतलं स्फोटक जवळजवळ सगळं जळून जातं, जमिनीवर नगण्य उरतं. अर्धवट फुटला तर मुठी-मुठीनं स्फोटक आसपास विखुरतं आणि पावसात हळूहळू विरघळत राहतं. त्यात टीएनटी मातीला बऱ्यापैकी चिकटून बसतं, तिथेच मोडतं. आरडीएक्स चिकटत नाही, पाण्याबरोबर खाली जातं. रॉकेटच्या इंधनातलं परक्लोरेट तर मिठासारखं विरघळतं.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये केप कॉड नावाचा भाग आहे. खाली वाळू आणि वाळूत सगळ्या वस्तीचं पिण्याचं पाणी. वर लष्कराचा कॅम्प एडवर्ड्स. भूजलात ही रसायनं सापडायला लागली तेव्हा १९९७ मध्ये तिथल्या पर्यावरण खात्यानं लष्कराला तोफांचा आणि स्फोटकांचा सराव थांबवायला लावला. पाणी उपसून, गाळून पुन्हा जमिनीत सोडायचं काम तिथे पुढे वर्षानुवर्षं चाललं. आपल्याकडे खाली बेसॉल्ट, म्हणजे काळा कातळ आहे, त्यातून पाणी भेगांमधून जातं. म्हणजे एका विहिरीत काही नाही आणि शंभर फुटांवरच्या बोअरमध्ये आहे, असं होऊ शकतं. घाबरवत नाहीये. पण रेंजच्या उताराकडच्या दोन-चार विहिरींचं पाणी पावसाळ्याआधी आणि नंतर तपासून ठेवायला हवं. नेहमीच्या पाणी तपासणीत हे घटक नसतात, वेगळे सांगून तपासून घ्यावे लागतात. 

आणखी एक, ज्याच्याकडे कोणाचंच लक्ष नसतं. सुभेदारकाका, तोफ डागताना चार्जच्या, म्हणजे गोळा फेकणाऱ्या दारूच्या, जेवढ्या थैल्या लागत नाहीत, त्या उरलेल्यांचं तुम्ही काय करायचात?

सुभेदारकाका
जमिनीवर लांब ओळ घालायची आणि पेटवायची. संध्याकाळचं कामच असायचं ते. भुर्रकन जाते, बघायला मजा येते.

रसायनी
तेच. त्या ओळीखालची माती सगळ्यात खराब असते. न जळलेला अंश तिथेच मुरतो आणि दरवर्षी त्याच जागी. कॅनडाच्या लष्करी संशोधकांनी यावर काढलेला तोडगा ऐकून हसाल: धातूचा मोठा ट्रे. थैल्या मातीवर न जाळता ट्रेमध्ये जाळायच्या, राख गोळा करायची. आपल्या कोणत्याही तालुक्यातला फॅब्रिकेशनवाला असा ट्रे बनवून देईल. सरावात काहीही बदल नाही, एक गोळा कमी उडवायला नको.

सुभेदारकाका
हे आमच्या वेळी कोणी सांगितलं असतं तर केलं असतं. फौजेत एकदा एसओपीमध्ये, म्हणजे ठरवून दिलेल्या लेखी कार्यपद्धतीत, आलं की ते होतंच. लिहिलेलं नसलं की शंभर वर्षं होत नाही.

आवाजाबद्दलही तसंच. थंडीत पहाटे हवेचा थर खाली दबलेला असतो, तेव्हा तोच गोळा दुपारपेक्षा कितीतरी लांब ऐकू जातो. भांडी वाजतात, तावदानं हलतात. मोठ्या तोफांचा फायर ऊन चढल्यावर ठेवला तर गावाला निम्मा त्रास कमी. रात्रीचा सराव लागतो, तो टाळता येणार नाही. पण कोणत्या रात्री, ते आधी सांगता येतं.

दीड_गुंठा
अवांतर होईल, पण लष्कराशेजारी राहण्याचा दुसरा प्रकार. आम्ही पुण्याजवळच्या देहूरोडच्या दारूगोळा डेपोच्या रेड झोनमधले. डेपोच्या हद्दीपासून २००० यार्ड. आत घर बांधायला परवानगी नाही, कर्ज नाही, घर पडायला आलं तरी नवीन बांधता येत नाही. वडलांनी गिरणीच्या पैशातून दीड गुंठा घेतला तेव्हा विकणाऱ्यानं 'झोन' हा शब्द उच्चारला नाही. आता त्या यार्डात हजारो घरं आहेत आणि प्रत्येक निवडणुकीला हद्द कमी करण्याचं आश्वासन मिळतं.

मी हद्द कमी करा असं म्हणत नाही. पुलगावचं वाचल्यावर तर नाहीच. पण दगड रोवा ना! सातबाऱ्यावर शिक्का मारा. कायदा १९०३ चा आहे, वर्क्स ऑफ डिफेन्स, आणि शंभरेक वर्षांत जमिनीवर एक रेघ ओढता येऊ नये?

सरळमार्गी
दीड गुंठा, तुमचं पटलं. पण माळरान यांच्या बाबतीत मी अजून म्हणेन की भंगार वेचायला जाणाऱ्यांचा दोष मोठा. कुंपण घाला, विषय संपला.

वर्धेकर
किती किलोमीटर कुंपण? आणि त्या तारेला भाव काय लावू?

वकीलीणबाई
आता माझा प्रांत. माळरान, तुमचे तीन प्रश्न. नियम आहेत, आणि ते १९३८ चे आहेत. कायद्याचं नाव लांबलचक आहे, मनूव्हर्स, फील्ड फायरिंग अँड आर्टिलरी प्रॅक्टिस अ‍ॅक्ट. ज्या रेंज लष्कराच्या पूर्ण मालकीच्या नाहीत, जिथे गावांच्या जमिनीवरून किंवा जमिनीवर फायर होतो, तिथे राज्य सरकारला या कायद्याखाली अधिसूचना काढावी लागते. लक्षात घ्या, राज्य सरकारला. आणि त्या अधिसूचनेला मुदत असते.

माणसाला किंवा मालमत्तेला झालेली इजा, हक्कात आलेला अडथळा, यांची भरपाई त्यात आहे. धोक्याच्या पट्ट्यातून माणसं-जनावरं हटवल्यामुळे रोजी बुडाली तर तिचाही विचार आहे. नुकसान ठरवायचं काम महसूल अधिकाऱ्याचं. म्हणजे तुमची मजुरी बुडाली तर जायचं कुठे? छावणीच्या गेटवर नाही, तहसीलमध्ये.

मुदतीचा मुद्दा किती मोठा आहे ते दोन उदाहरणांवरून बघा. काश्मीरमध्ये बडगाम जिल्ह्यात तोसामैदान नावाचं कुरण आहे. १९६४ पासून तिथे तोफांचा सराव. करार ५० वर्षांचा, एप्रिल २०१४ ला संपणार. गावकऱ्यांनी आणि कार्यकर्त्यांनी माहितीच्या अधिकारात साधे प्रश्न विचारले: करार कधी संपतो, किती माणसं मेली, किती जायबंदी झाली. साठाहून जास्त मृत्यू कागदावर आले. करार वाढला नाही आणि लष्करानं स्वतः मोहीम काढून कुरणातले गोळे शोधून उडवले. लष्कराला साफसफाई जमत नाही, असं नाही. मुदत आणि आदेश असला की जमते.

दुसरं झारखंडचं नेतरहाट. तिथे २४५ गावांवर अधिसूचना होती. मार्च १९९४ मध्ये लोक तोफांच्या गाड्यांपुढे रस्त्यावर बसले आणि गाड्या परत गेल्या. सराव थांबला, पण अधिसूचना कागदावर तशीच, ११ मे २०२२ पर्यंत. दरवर्षी मार्चमध्ये लोक टुटुवापानीला जमत राहिले. ऑगस्ट २०२२ मध्ये राज्य सरकारनं मुदत वाढवायची नाही असं ठरवलं. ज्या रेंजवर २८ वर्षं गोळा पडला नव्हता तिच्यासाठी लोक २८ वर्षं जमत होते, कारण सही कधीही होऊ शकत होती.

माळरान
वकीलीणबाई, आमच्या अधिसूचनेची मुदत कधी संपते हे गावात एकालाही माहीत नाही. सरपंचांनासुद्धा नाही. आत्ताच फोन करून विचारलं.

नगरी_भेळ
नगरकर वाचतोय. आमच्याकडे के. के. रेंज, म्हणजे खारे कर्जुने. रणगाड्यांचं प्रशिक्षण केंद्रच नगरला, त्यामुळे रेंज हवीच. पण रेंजची हद्द वाढणार अशी कुजबुज झाली की राहुरी, पारनेर, नगर तालुक्यांतल्या गावांच्या पोटात गोळा येतो (शब्दशः). यातली काही घरं आधीच मुळा धरणात उठलेली आहेत. एकदा धरणासाठी, एकदा रेंजसाठी. म्हातारे म्हणतात, आम्हाला उठवायचा परवाना काढून ठेवलाय का सरकारनं? २०२०-२१ मध्ये हा विषय दिल्लीत संरक्षणमंत्र्यांपर्यंत गेला होता. हद्द वाढणार की नाही हे स्पष्ट लिहून मिळालं तर निम्मा त्रास तिथेच संपेल. अधांतरी जमिनीवर कोणी विहीर खणत नाही.

परदेशी_पाखरू
मी इंग्लंडमध्ये विल्टशरला राहते, सॉल्सबरी प्लेनपासून गाडीनं पंधरा मिनिटांवर. साधारण ३८,००० हेक्टर लष्कराकडे आहे. इथे इम्बर नावाचं गाव होतं, ते डिसेंबर १९४३ मध्ये युद्धाच्या सरावासाठी रिकामं केलं आणि गावकऱ्यांना परत कधीच दिलं नाही. वर्षातून मोजके दिवस तिथलं चर्च उघडतात, आम्ही एकदा गेलो होतो. घरांच्या नुसत्या भिंती. तेव्हा इकडे सगळं गोड आहे असं समजू नका.

पण एक गोष्ट सांगण्यासारखी. महिन्याचं फायरिंगचं वेळापत्रक सरकारी संकेतस्थळावर जाहीर होतं. कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणता भाग. कुत्र्याला फिरवायला जाणारेसुद्धा ते बघून जातात. शेतकरी भाडेपट्ट्यानं तिथे गुरं चारतात, त्याच वेळापत्रकावर.

आणि गंमत म्हणजे, नांगर न लागल्यामुळे तिथलं गवताळ रान टिकून राहिलंय. रणगाड्यांच्या चाकोऱ्यांत पावसाचं पाणी साठतं आणि त्यात एक पारदर्शक, नखाएवढी कोळंबी जगते. रणगाडा गेला नाही तर डबकं भरून येतं आणि ती संपते! लष्कराचे स्वतःचे निसर्ग-गट आहेत, सैनिक आणि स्थानिक मिळून पक्षी मोजतात. ब्रिटनमधून १८३२ च्या सुमारास नाहीसा झालेला मोठा माळढोक २००४ पासून याच पठारावर पुन्हा सोडायला सुरुवात झाली.

माळरान
माळढोक! आजोबा सांगायचे आमच्या माळावर होता म्हणून. आता सोलापूरजवळ नान्नजच्या माळढोक अभयारण्यातही दिसणं मुश्कील.

रसायनी
राजस्थानात पोखरणच्या फायरिंग रेंजमध्ये आहे अजून. बाहेर शेती, विजेच्या तारा, कुत्री. आत माणूस नाही. तोफेपेक्षा आपण जास्त धोकादायक, असं माळढोकाचं मत दिसतं.

अमेरिकेत फोर्ट ब्रॅग या लष्करी तळावर उलटं झालं. तिथल्या पाइनच्या रानात एक दुर्मीळ सुतारपक्षी. त्याच्या घरट्यांमुळे १९९० च्या सुमारास सरावावरच बंधनं आली, सैन्य वैतागलं. मग त्यांनी कुंपणाबाहेरची रानं वाचवायला निसर्गसंस्थांबरोबर पैसे घातले. पक्ष्याला बाहेर जागा झाली आणि आतली बंधनं सैल झाली. शेजारी रान राहिल्यामुळे सोसायट्या उभ्या राहिल्या नाहीत, म्हणजे आवाजाच्या तक्रारीही नाहीत. दीड गुंठा, तुमच्या रेड झोनमध्ये पन्नास वर्षांपूर्वी हे सुचायला हवं होतं.

दीड_गुंठा
तेव्हा सुचलं असतं तर मी आज कुठे असतो, हाही प्रश्नच आहे :)

वकीलीणबाई
माळरान, अर्ज छावणीकडे करू नका. सुरक्षेचं कलम लावून परत येईल. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या माहिती अधिकाऱ्याकडे करा. प्रश्न एवढेच ठेवा:

आमच्या गावाचा समावेश असलेल्या अधिसूचनेची तारीख, मुदत आणि नकाशाची प्रत. मागच्या पाच वर्षांत फायरिंगच्या आगाऊ सूचना गावाला कोणत्या तारखांना, कोणामार्फत दिल्या. त्याच काळात भरपाईचे किती अर्ज आले, किती मंजूर झाले, किती रक्कम दिली. न फुटलेला दारूगोळा सापडल्याच्या किती नोंदी आहेत.

'का' हा शब्द कुठेही घालू नका. 'का' विचारलं की उत्तर येत नाही.

माळरान (तीन आठवड्यांनी)
धागा वर काढतोय.

अर्ज टाकलाय, उत्तर अजून नाही. पण मधल्या काळात सरपंचबाई आणि आम्ही चौघं तहसीलमध्ये जाऊन आलो. सुभेदारकाका फोनवर होते, त्यांचे आभार. तिथं छावणीचे एक अधिकारीही आले होते, माणूस सरळ वाटला. महिन्याचं वेळापत्रक कोतवालाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचं कबूल झालं. पहिलं आलंसुद्धा, इंग्रजीत. माझ्या पुतणीनं मराठीत लिहून पारावर चिकटवलं.

ट्रेचं विचारलं. त्यांनी वहीत लिहून घेतलं. विहिरींचं पाणी तपासायचं "वर विचारून सांगतो". शोधमोहिमेचं म्हणाले, गवत वाळल्यावर, फेब्रुवारीत. गावातली माहीतगार माणसं लांबून जागा दाखवायला चालतील का विचारलं, तर नाही म्हणाले, जबाबदारी कोण घेणार.

सुभेदारकाका
बरोबर बोलले. गावच्या माणसानं माळावर जायचं नाही. पण पारावर बसून नकाशावर बोट ठेवता येतं. जिथे जिथे आजवर काही सापडलंय त्या जागा गुराख्यांना विचारून कागदावर आणा आणि तो कागद फेब्रुवारीच्या आधी द्या. आम्हाला कोणी असा कागद दिला असता तर सोनं झालं असतं. आणि घंटेचं काय केलंत?

माळरान
काढली. छावणीवाल्यांनीच तपासून नेली, रिकामीच होती. आता रेल्वेच्या रुळाचा तुकडा टांगलाय. पोरं म्हणतात आवाज बसका येतो.

कागदाचं आजच सुरू करतो. उद्या परवा दोन्ही दिवस लाल बावटा आहे, गुराखी सगळे पारावरच सापडतील.